तान्ह्याचं बारसं आणि थोरलीची पोटगी : सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण मी वडिलांच्या बाजूनं चालवलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं वापरलेली नाहीत. त्यामुळे पक्षकाराला मी ‘जॉबर’च म्हणेन, कारण तो टॉवेलच्या कारखान्यात साच्यांची, म्हणजे मागांची, दुरुस्ती करणारा जॉबर आहे. पहिली पत्नी म्हणजे थोरलीची आई आणि दुसरी म्हणजे तान्ह्याची आई. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावरसुद्धा लोक त्यांना असंच ओळखायचे.

पार्श्वभूमी

पहिलं लग्न २००८ चं. २००९ मध्ये मुलगी झाली, २०१३ मध्ये मुलगा. २०१६ पासून दोघं वेगळे राहू लागले. थोरलीची आई दोन्ही मुलांना घेऊन विडी घरकुल वसाहतीत आपल्या आईकडे आली आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली तिनं अर्ज केला. २०१८ मध्ये प्रत्येक मुलाला महिना ३,५०० रुपये, म्हणजे एकूण ७,००० रुपये पोटगी ठरली. त्या वेळी जॉबरचं उत्पन्न १८,००० रुपये धरलं होतं. २०१९ मध्ये परस्पर संमतीनं घटस्फोट झाला. पत्नीनं स्वतःसाठी एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडला. मुलांचा आदेश मात्र तसाच राहिला, आणि तो तसाच राहायला हवा होता. आई स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडू शकते, मुलांच्या पोटगीवर सोडू शकत नाही.

२०२० च्या शेवटी जॉबरनं दुसरं लग्न केलं. घटस्फोटानंतरचं असल्यामुळे ते कायदेशीर होतं. २०२१ मध्ये मुलगी झाली आणि जुलै २०२४ मध्ये मुलगा, म्हणजे हा तान्हा.

अडचण

ऑगस्ट २०२४ पासून त्यानं पोटगी देणं बंद केलं. अर्ज नाही, नोटीस नाही, साधा फोनही नाही. थोरलीच्या आईनं दोन महिने वाट पाहिली. मग सासूबाईंकडे निरोप पाठवला. उत्तर आलं, ‘‘आता त्याला चार लेकरं आहेत, कुणाकुणाचं बघणार?’’ फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं वसुलीचा अर्ज केला. मार्चमध्ये नोटीस हातात पडल्यावर जॉबर माझ्याकडे आला. तोवर आठ महिन्यांचे ५६,००० रुपये थकले होते.

त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा होता आणि मेहुण्याच्या हातात मोबाइल. ‘‘मॅडम, दुसरी मुलं झाली की पोटगी आपोआप कमी होते. हे बघा, एका मुलाला अकरा टक्के, दोनाला चौदा.’’ मी वाचून पाहिलं. माहिती खरी होती, फक्त ती ब्रिटनची होती. तिथं पोटगीचा हिशेब करणारी सरकारी यंत्रणा पैसे देणाऱ्याच्या घरात राहणाऱ्या इतर मुलांसाठी त्याच्या हिशेबात धरायच्या उत्पन्नातून ठरलेला टक्का वजा करते : एका मुलासाठी ११, दोघांसाठी १४, तीन किंवा जास्त असतील तर १६. आपल्याकडे असा तक्ता नाही. आपल्याकडे न्यायाधीश उत्पन्न, गरज, जबाबदाऱ्या आणि राहणीमान बघून आकडा ठरवतात. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६ मध्येही रक्कम ठरवताना निर्वाहाचा हक्क असलेल्यांची संख्या बघायला सांगितलं आहे. म्हणजे नवीन मूल हिशेबात येतं, पण वजाबाकी आपोआप होत नाही आणि घरबसल्या तर मुळीच होत नाही. हे पटवायला मला पाऊण तास लागला.

तुरुंगाचंही सांगितलं. वसुलीच्या वॉरंटनंतरही पैसे दिले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. यावर तो म्हणाला, ‘‘मग महिनाभर आत बसून येतो, फिटलं.’’ तसं फिटत नाही. कुलदीप कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच स्पष्ट केलं आहे की कैद हे वसुलीचं साधन आहे, ती भोगल्यानं रक्कम माफ होत नाही. त्यात जॉबर महिनाभर कारखान्यात नसेल तर त्याचे साचे दुसरा कोणी सांभाळणार, आणि परत आल्यावर ते मिळतीलच असं नाही.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग होता वसुलीला नुसता विरोध करायचा : चार मुलं, म्हातारी आई, परवडत नाही. मेहुण्याला हाच पसंत होता. पण वसुलीच्या अर्जात कोर्ट मूळ रक्कम बदलत नाही. आदेश उभा असेपर्यंत दर महिन्याला ७,००० रुपये चढतच राहणार.

दुसरा मार्ग परिस्थिती बदलल्याचं दाखवून रक्कम कमी करून घेण्याचा. जुन्या संहितेत त्यासाठी कलम १२७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेच काम आता कलम १४६ खाली होतं. यातली गोम अशी की कपात मिळाली तरी ती साधारणपणे अर्जाच्या पुढच्या काळासाठी मिळते. मागचे ५६,००० त्यानं पुसले जात नाहीत.

तिसरा मार्ग समुपदेशकांसमोर बसून तडजोडीचा. कौटुंबिक न्यायालयात हा टप्पा तसाही येतोच.

थोरलीची आई कमावते हा मुद्दाही जॉबरनं पुढे केला. ती महिना नऊ-दहा हजार मिळवत होती. पण आईच्या कमाईनं बापाची जबाबदारी संपत नाही, फार तर वाटा ठरवताना ती बघितली जाते. शिवाय हा मुद्दा काढला की समोरून लगेच प्रश्न येणार, तान्ह्याची आई काय करते? बाळंतपणापर्यंत ती घरी विड्या वळून कारखान्यात नेऊन देत होती. तिचं विडी कामगाराचं कार्ड होतं, भविष्यनिर्वाह निधीचं खातं होतं. मी तो मुद्दा बाजूला ठेवला.

एप्रिलमध्ये दुसऱ्या मार्गाचा अर्ज दाखल केला. ७,००० चे ३,००० करा अशी मागणी होती. आकडा जॉबरचा होता. मी तो लिहिला.

पहिली तारीख आणि उचल

पहिल्याच तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, ‘‘थकबाकीतलं आज काय भरताय?’’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. कपात मागायला आलेला माणूस आठ महिने एक रुपया न देता आलेला असतो, तेव्हा त्याच्या चारही लेकरांची तोंडं कोर्टाला दिसायच्या आधी ही आठ महिन्यांची पाटी दिसते.

पुढच्या आठवड्यात जॉबरनं मालकाकडून उचल घेतली आणि २१,००० रुपये भरले. त्याच महिन्यापासून चालू ७,००० सुद्धा सुरू केले. उरले ३५,०००. हे पैसे भरताना तो माझ्यावर चिडला होता. कपातीसाठी वकील केला आणि खिशातून २१,००० गेले, असं त्याचं म्हणणं. पण वॉरंटची टांगती तलवार त्या दिवशी दूर झाली.

प्रतिज्ञापत्र

इथं माझी चूक झाली, आणि ती नीट सांगितली पाहिजे.

रजनीश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता, उत्पन्न, कर्ज, अवलंबून असलेली माणसं यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. जॉबरनं उत्पन्न सांगितलं १७,०००. कारखान्याची चिठ्ठी होती तेवढ्याची. मी पासबुक मागितलं. ‘‘आणतो’’ म्हणाला, आणलं नाही, आणि तारीख जवळ आली म्हणून मी चिठ्ठीवर प्रतिज्ञापत्र करून दिलं.

समोरच्या वकिलांनी दोन कागद काढले. एक, जॉबरच्या मोटारसायकलच्या हप्त्याचा, महिना ३,२०० चा. सतरा हजारांत घर चालवून एवढा हप्ता कसा भरतोस, हा साधा सवाल. दुसरा, बारशाचे फोटो. ऑगस्ट २०२४ मध्ये हॉल घेऊन जेवणावळ घातली होती आणि फोटो तान्ह्याच्या मावशीनं स्टेटसला ठेवले होते. पोटगी थांबली तोच महिना. फोटो फोनमधून थोरलीपर्यंत पोहोचले होते. पंधरा वर्षांच्या मुलीनं धाकट्या भावाचं बारसं असं पाहिलं.

त्या दिवशी कोर्टातून आल्यावर मी जॉबरला पासबुकाशिवाय पुढची तारीख घेणार नाही असं सांगितलं. मग खरं बाहेर आलं. कारखान्याच्या पगाराशिवाय तो रविवारी आणि सुट्टीच्या वेळी दुसऱ्या चार ठिकाणी साचे दुरुस्त करायचा. ते पैसे मोबाइलवरून यायचे. एकूण सरासरी २६,००० बसत होती.

आता निर्णय असा होता : उलटतपासापर्यंत गप्प बसायचं की आधीच दुरुस्ती करायची? जॉबर म्हणाला, ‘‘त्यांना सापडलं तर बघू.’’ मी नाही म्हटलं. खोट्या प्रतिज्ञापत्रावर कोर्ट वेगळी कारवाई सुरू करू शकतं, आणि त्याहून मोठं म्हणजे एकदा खोटा ठरलेल्या माणसाच्या खऱ्या अडचणीसुद्धा कोणी ऐकत नाही. त्याच्या अडचणी खऱ्या होत्या. चार मुलं खरी होती, आईची मधुमेहाची औषधं खरी होती. जून २०२५ मध्ये आम्ही स्वतःहून दुरुस्त प्रतिज्ञापत्र दिलं. समोरच्या वकिलांनी त्यावर व्हायचा तेवढा आवाज केला. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं.

निकालपत्राची दुसरी बाजू

मी एका निकालावर बरीच भिस्त ठेवली होती. कल्याण डे चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये, पतीनं दुसरं लग्न केलं आहे आणि त्याला मूल आहे हे लक्षात घेऊन पोटगी २३,००० वरून २०,००० केली. दुसऱ्या मुलामुळे कपात मिळते याचं यापेक्षा सरळ उदाहरण नाही. मी ते मोठ्या उत्साहानं वाचलं. समोरचे वकील शांतपणे उठले आणि म्हणाले, मॅडमनी मागचंही वाचावं. त्या प्रकरणात आधीची रक्कम १६,००० होती, उच्च न्यायालयानं ती २३,००० केली होती आणि सर्वोच्च न्यायालयानं २०,००० वर आणली. म्हणजे दुसरं मूल झाल्यावरही आकडा आधीच्या रकमेच्या वरच राहिला. निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही वाजवी खूण तिथंच सांगितली आहे, पण तीही खूणच, नियम नव्हे.

त्या रात्री मी कागदावर एक हिशेब मांडला. तो मी पहिल्या दिवशी मांडायला हवा होता. २०१८ मध्ये १८,००० पैकी ७,००० जात होते, म्हणजे सुमारे ३९ टक्के. आता २६,००० पैकी ७,००० म्हणजे २७ टक्के. रक्कम तीच राहिली, बापाची कमाई वाढली, थोरली तिसरीतून अकरावीच्या दारात आली. नवीन दोन मुलांसाठी लागणारी जागा गेल्या सात वर्षांत पहिल्या दोघांच्या वाट्यातूनच हळूहळू निघाली होती, कोणी अर्ज न करता. कपात जॉबरला आधीच मिळाली होती.

हा कागद मी त्याला दाखवला. त्यानं टक्क्यांचा गुणाकार पुन्हा मोबाइलवर करून पाहिला. आकडे बरोबर होते.

समुपदेशन आणि तडजोड

मे महिन्यात थोरलीच्या आईनंही अर्ज केला होता, उलट दिशेचा. मुलीला ६,००० आणि मुलाला ५,००० मागितले होते. ती खरं तर २०२१-२२ मध्येच वाढ मागू शकली असती. ‘‘दर महिन्याला येतंय ना, मग कशाला कोर्टाची पायरी,’’ असं तिला वाटलं होतं.

समुपदेशकांसमोरच्या दुसऱ्या बैठकीला तान्ह्याची आई तान्ह्याला घेऊन आली. मी तिला न आणायला सांगितलं होतं. सुरुवात वाईट झाली. ‘‘माझ्या लेकराच्या तोंडचं काढून नेता,’’ असं ती म्हणाली. त्यावर थोरलीची आई मराठीतून तेलुगूत गेली, मग सगळेच तेलुगूत गेले आणि समुपदेशक बाई माझ्याकडे बघत राहिल्या. सोलापूरच्या कोर्टात हे नवीन नाही, चिडल्यावर माणूस घरच्या भाषेत जातो. थोडी तेलुगू मला समजते. थोरलीची आई म्हणत होती, ‘‘तुझ्या लेकराचं काढून मला नको गं. माझ्या लेकरांचं काढून तुझ्या बारशाला घातलं, तेवढं थांबवा.’’

यानंतर जरा शांतता झाली. तान्हं रडायला लागलं आणि त्याला थोरलीच्या आजीनं घेतलं, म्हणजे थोरलीच्या आईच्या आईनं. मी हे सांगते आहे कारण पुढची बोलणी त्यानंतर सुरू झाली.

तिसऱ्या बैठकीत आकड्यांवर आलो. मेहुण्याचं मत होतं की लढावं, हरलो तर वर जाऊ. आता तर मुंबईलाही जायला नको, असंही तो म्हणाला. ते खरं होतं : १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे गेला. प्रवास कमी झाला, पण पुरावा, उलटतपास, युक्तिवाद यात वर्ष-दीड वर्ष जाणार होतं आणि २६,००० चं प्रतिज्ञापत्र आता कागदावर होतं. निकाल ९,००० चाही लागू शकला असता. मी जॉबरला तडजोडीचा सल्ला दिला. तो एक दिवस मागून गेला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच आला, मेहुण्याशिवाय.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुरसीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल झाली. ठरलं ते असं :

– ऑक्टोबरपासून मुलीला ४,५०० आणि मुलाला ३,५००, एकूण ८,०००, दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत आईच्या बँक खात्यात.
– मुलीच्या कॉलेजच्या फीचा निम्मा भाग पावती दाखवल्यावर, थेट कॉलेजला.
– थकलेले ३५,००० रुपये २,५०० च्या १४ हप्त्यांत.
– कपडे, फराळ, गड्ड्याच्या जत्रेत दिलेली खर्ची यातलं काहीही पोटगीत धरायचं नाही.

हे चौथं कलम जॉबरच्या जुन्या सवयीमुळे घातलं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत मुलांना घेऊन जायचं, पाळण्यात बसवायचं, कपडे घ्यायचे आणि मग ‘या महिन्यात दोन हजार दिलेच की’ म्हणायचं. मुलांना फिरवणं चांगलंच आहे. ते आदेशातल्या रकमेत मात्र मोजलं जात नाही, आणि रोख दिलेले पैसे सिद्ध करता करता आम्हाला घाम फुटला होता.

पाचवा मुद्दा थोरलीच्या अठराव्या वर्षाचा. ती ऑगस्ट २०२७ मध्ये सज्ञान होईल. कलम १२५ किंवा आताच्या १४४ खालची मुलांची पोटगी साधारणपणे सज्ञान होईपर्यंतच असते. पण १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला सज्ञान झाल्यावरही बापाकडून निर्वाह मागता येतो, आणि २०२० च्या अभिलाषा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक उलगडून सांगितला आहे. दोन वर्षांनी पुन्हा वेगळा दावा, पुन्हा वकील, हे टाळायला तिचं पदवीपर्यंतचं शिक्षण होईपर्यंत रक्कम चालू राहील असं आम्ही पुरसीसमध्येच लिहिलं. जॉबर यावर न भांडता राजी झाला. मला वाटलं होतं इथं अडेल.

परिणाम

३,००० वर आणायला आलेला माणूस ८,००० वर सही करून गेला. हप्त्यासह १०,५००. माझ्या पक्षकाराच्या बाजूनं बघितलं तर ही हार म्हणता येईल. पण २६,००० तून ८,००० म्हणजे ३१ टक्के, २०१८ च्या वाट्यापेक्षा कमीच. नवीन दोन मुलांमुळे वाटा कमी झाला, रक्कम झाली नाही. न्यायाधीशांनी तडजोड मंजूर करताना दोन्ही बाजूंना एवढंच विचारलं की दबाव नाही ना.

तान्ह्याच्या आईनं दिवाळीनंतर पुन्हा विड्या वळायला घेतल्या. जॉबरनं मोटारसायकल विकली.

काय वेगळं करता आलं असतं

जॉबर जुलै २०२४ मध्येच आला असता तर? पैसे देणं चालू ठेवून, खरं उत्पन्न सांगून, नवं बाळ आणि बाळंतपणामुळे पत्नीची बंद झालेली कमाई दाखवून अर्ज केला असता, तर काही महिन्यांपुरती थोडी कपात मिळण्याची शक्यता होती असं मला वाटतं. निदान थोरलीच्या आईनं वाढीचा अर्ज केला नसता. ती स्वतःच तसं म्हणाली होती : पैसे बंद झाले म्हणून कोर्टात आले, आणि आलेच आहे तर सगळंच मागितलं.

थोरलीच्या आईनं सहा महिने थांबायला नको होतं. थकलेल्या रकमेच्या वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ती मुदतीत होती, पण अनेक बायका नसतात. वकिलाच्या फीची भीती हे तिचं कारण होतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तिला कारखान्यातल्या एका मैत्रिणीनं जानेवारीत सांगितलं.

माझ्याकडून, पासबुक बघितल्याशिवाय प्रतिज्ञापत्र करायला नको होतं. ३,००० हा आकडाही मी तपासायला हवा होता. सध्याच्या रकमेच्या निम्म्याहून खाली जाणारी मागणी लिहिली की समोरच्याला आपण प्रामाणिक वाटत नाही. ६,००० मागितले असते तर कदाचित बोलणी मे महिन्यातच झाली असती आणि बारशाचे फोटो कोर्टाच्या फायलीत गेले नसते. आता पोटगीच्या प्रकरणात मी पक्षकाराला पहिल्या भेटीत तीनच गोष्टी आणायला सांगते : बारा महिन्यांचं पासबुक, मोबाइलवरच्या व्यवहारांची यादी आणि सगळ्या मुलांचे जन्मदाखले. वकीलपत्र त्यानंतर.

जानेवारीचे पैसे बारा तारखेला आले, दोन दिवस उशिरा. थोरलीच्या आईनं वकिलाकडे न जाता जॉबरलाच फोन केला. कारखान्यात पगाराचा हप्ता उशिरा झाला, असं त्यानं सांगितलं. फेब्रुवारीचे नऊ तारखेला आले.